श्वास रोखून पाहायचे पिक्चर

आर्णीतला आमच्या वस्तीचा जुना विहार पाडला. त्या जागी आता गुळगुळीत फरशीचा नवा विहार आहे, त्याला लोखंडी शटर आहे, आणि बाहेरच्या काळ्या दगडावर देणगीदारांची नावं बुद्धाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत कोरली आहेत. मी चपला काढून आत गेले, वंदना केली आणि बाहेर आले. माझ्या पर्समध्ये जुन्या विहाराची किल्ली होती. बाबा गेल्यावर घर आवरताना पत्र्याच्या पेटीत त्यांच्या चष्म्याखाली सापडलेली. वीतभर लांब, लोखंडी, कडीला काळ्या करदोड्याचा तुकडा अजून बांधलेला. नव्या कमिटीतल्या एका पोराला मी ती दाखवली.

"ताई, हिचं आता काय काम?" तो म्हणाला. चांगल्या मनानंच म्हणाला.

खरंच काय काम? दारच राहिलं नाही. तरी मी ती पुन्हा पर्समध्ये टाकली. भंगारात द्यायला हात धजावेना, कारण ती आमच्या घरी परत आली तेव्हा घरातून काय गेलं, ते मला ठाऊक आहे.

आमच्या बँकेत जेवणाच्या सुट्टीत सगळे एकमेकांना पिक्चर सुचवत असतात. हे पाहा, ते पाहा, अमक्याचा तिसरा भाग आला. मला विचारलं की मी सांगते, चिनी पिक्चर पाहा, उड्या मारणाऱ्या भुतांचे. मग डबे थांबतात आणि लोक हसतात. बाई चाळिशीला आली आणि हिला भुतं पाहायचीत! हसोत बापडे. मी मात्र जीव तोडून सांगते. ही भुतं आपल्या भुतांसारखी नाहीत. आपली भुतं पिंपळावर बसतात, उलट्या पायांनी चालतात आणि झपाटतात, तेही बहुतेक सुनेलाच. चिनी भूत म्हणजे ताठ झालेलं मढं. अंगात जुन्या काळच्या अंमलदाराचा झगा, डोक्यावर गोल टोपी, तोंडाला कणीक फासल्यासारखी. मेल्यावर गुडघे वाकत नाहीत, म्हणून ते चालत नाही. दोन्ही हात समोर धरून दोन्ही पायांनी टुणटुण उड्या मारत येतं. त्याला धड दिसत नाही. ते माणसाच्या श्वासावर माग काढतं. श्वास रोखून धरला की आपल्या तोंडासमोर उभं राहून हुंगतं, गोंधळतं आणि आलं तसं निघून जातं.

आणि कपाळावर मंतरलेला पिवळा कागद चिकटवला की जागच्या जागी थिजतं. कागद उडाला की पुन्हा सुरू. एक गुरू असतो, त्याचे दोन बावळट चेले असतात, आणि कागद नेमका नको तेव्हा त्या चेल्यांच्याच शिंकेनं उडतो. मग जी मारामारी होते तिला तोड नाही. टेबलं उडतात, बाकं उडतात, गुरू खांबावर धावत चढतो, आणि हसून हसून पोट दुखत असतानाच आपण घाबरलेले असतो. एकाच वेळी हसायचं आणि भ्यायचं, हे मला दुसऱ्या कुठल्या पिक्चरनं शिकवलं नाही. पुढं आयुष्यानं शिकवलं, पण त्यात हसणं कमी होतं.

हे पिक्चर मला ताईनं दाखवले. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, शालू.

आर्णीच्या बसस्टँडजवळ रशीदभाईचं पत्र्याचं दुकान होतं. तिथं सीड्या भाड्यानं मिळत, टीव्ही आणि सीडी प्लेअरही मिळे. दुकानात शिरलं की तापलेल्या पत्र्याचा, अत्तराचा आणि प्लास्टिकच्या पाकिटांचा मिळून एक वास येई. तो वास मला अजून कुठं कुठं येतो आणि मी थांबते. ताईचं अक्षर सुंदर, म्हणून रशीदभाई तिच्याकडून पाकिटांवर पिक्चरची नावं लिहून घ्यायचा आणि त्या बदल्यात एक सीडी फुकट द्यायचा. ताई नावावर थांबली नाही. पाकिटाच्या मागच्या बाजूला ती एकेक ओळ शिफारस लिहू लागली. "जरूर पाहावा. शेवटी गुरू मरतो, पण चांगला मरतो." "मारामारी छान. गाणी आली की चहा ठेवावा." "लहान मुलांना दाखवू नये, ती मोठ्यांना घाबरवतात." लोक पाकीट उलटं करून आधी ताईची ओळ वाचायचे आणि मग पैसे काढायचे.

"तेरी लिखाई से धंदा चल रहा है, बेटी," रशीदभाई म्हणायचा. "हिरो का नाम कोई पूछताच नहीं."

उड्या मारणाऱ्या भुतांच्या पाकिटामागं तिनं लिहिलं होतं, "भूत येते तेव्हा श्वास रोखावा. एकट्याने पाहू नये. 'गेले' म्हणून सांगायला सोबत कोणी असावे."

ते कापसाचे दिवस आठवले की आधी वास आठवतो. बाबा जिनमध्ये होते, कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यावर. दिवाळी झाली की बैलगाड्यांची रांग जिनच्या फाटकापासून पार नदीच्या पुलापर्यंत लागायची. गाडीवाले तिथंच चुली मांडायचे. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा धूर, सरकीचा तेलकट वास, बैलांच्या शेणाचा वास. हवेत कापसाचे तंतू तरंगायचे आणि विजेच्या तारांवर, बाभळीच्या काट्यांवर, धुतलेल्या कपड्यांवर अडकायचे. बाबा संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवया, मिशा, केस सगळं पांढरं झालेलं असे. आई तांब्या पुढं करी. बाबा तोंड धूत आणि म्हाताऱ्याचे पुन्हा तरुण होत. आम्ही दोघी ते रोज पाहायचो, तरी रोज मजा वाटायची.

मग ती वर्षं आली. गाड्यांची रांग पुलाच्या अलीकडं आली, मग फाटकाशी आली, आणि एका वर्षी जिनचा भोंगाच वाजला नाही. बाबा सवयीनं पहाटे उठत, अंघोळ करून, इनशर्ट करून ओसरीत बसत. धुवून जाईल असं आता तोंडावर काही नव्हतं. ते त्या वर्षापासून म्हातारेच दिसू लागले.

त्यांच्याकडं एकच काम उरलं होतं, विहाराचं. किल्ली त्यांच्याकडं असे. सकाळी दार उघडायचं, झाडायचं, मेणबत्ती लावायची, संध्याकाळच्या वंदनेनंतर कुलूप घालायचं. किल्ली करदोड्याला बांधलेली, चालताना मांडीवर आपटायची, त्या आवाजावरून आम्हाला कळायचं की बाबा आले. रस्त्यात कोणी भेटलं की ते मुद्दाम म्हणत, "चाललो, विहार उघडायचा हाय." हे ऐकताना मला तेव्हा अभिमान वाटायचा. आता राग येतो, आणि रागाच्या मागं कीव येते, आणि कीव आली की पुन्हा राग येतो.

त्या उन्हाळ्यात ताईची बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. तिला यवतमाळला नर्सिंगला जायचं होतं. दुसरं काही नको. बाबा "पाहू" म्हणाले होते, आणि बाबांचं "पाहू" म्हणजे अर्धं हो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. उरलेलं अर्धं ताई रोज थोडं थोडं कमावत होती. पाणी भरायची, बाबांचे शर्ट इस्त्री करायची, विहारातली सतरंजी धुवायची. चिनी पिक्चरमध्ये गुरू चेल्याला कुस्तीचा एक डाव शिकवण्याआधी वर्षानुवर्षं नदीवरून पाणी भरायला लावतो. डोंगर चढ, उतर, खांद्यावर कावड. एकदा भर दुपारी बोअरवर रांगेत उभी असताना ताई म्हणाली, "त्याहिले आधी पाणी भरायले लावते अन् मंग शिकवते. आपल्याले पाणीच भरायले लावते व." आणि हसली. ताईच्या हसण्यात तेव्हा कडूपणा नव्हता. तिला खरंच वाटायचं की पाण्यानंतर डाव येतो.

दुपारी बाजेवर कुरडया वाळत घातलेल्या असत आणि कावळे राखायचं काम आम्हा दोघींकडं असे. लाइट गेलेली. तेव्हा आम्ही भूत-भूत खेळायचो. ताईनं पतंगाचा पिवळा कागद पट्ट्यांनी कापून ठेवला होता. पिक्चरमध्ये भुताच्या अंगावर तांदूळ फेकतात. आमच्याकडं रोजची भाकरी, भात सणावारी. तरी ताई शेजारच्या घरून चार शितं मागून आणायची, कारण कागद कपाळाला चिकटवायला भाताच्या शितासारखा डिंक नाही. कागदावर चिनी अक्षरं पाहिजेत. ती येत नाहीत. पण ती वरून खाली लिहितात एवढं आम्ही पाहिलेलं. म्हणून ताई लाल शाईनं एकाखाली एक लिहायची, य, व, त, मा, ळ. ते माझ्या कपाळावर चिकटायचं आणि मी थिजायचे. वाऱ्यानं कागद फडफडला की नाकाला गुदगुल्या व्हायच्या.

भूत व्हायची पाळी ताईची असली की मी डोळे मिटून श्वास रोखायचे. तिचे पाय अंगणात धप्प धप्प वाजत जवळ यायचे. माझ्या कानाशी ती हुंगायची. डोळे मिटलेले, त्यामुळं भूत गेलं की उभंच आहे, हे कळायचं नाही. नियम असा होता की भुतानंच लांब जाऊन सांगायचं, "गेलं." तोवर श्वास सोडायचा नाही. मी नेहमी आधी सोडायचे आणि मरायचे. श्वास रोखायची पाळी ताईची आली की ती सोडायची नाही. तिचा चेहरा लाल व्हायचा, गळ्याची शीर फुगायची, आणि शेवटी मीच घाबरून ओरडायचे, "गेलं, गेलं, ताई, गेलं!"

बुद्ध पौर्णिमा आली. दिवसभर ऊन इतकं की विहारात लावायच्या मेणबत्त्या पेटवण्याआधीच वाकल्या. दिवेलागणीला अंगणात सडा पडला, बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या, खिरीचं पातेलं आलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं. त्यानंतर दर वर्षीची पद्धत अशी की रशीदभाईकडून भाड्याचा रंगीत टीव्ही आणायचा, टेबलावर निळी चादर घालून त्यावर ठेवायचा, टीव्हीला हार घालायचा आणि भगवान बुद्धाच्या जीवनावरचा पिक्चर लावायचा. तोच एक पिक्चर, दर वर्षी. सीडी इतकी घासली होती की राजपुत्र घोड्यावर बसून महालाबाहेर पडायला निघाला की अडकायचाच. आम्हा पोरींना वाटायचं, याच्यानं घर सोडवतच नाही.

त्या वर्षी तो घोड्यापर्यंतही पोचला नाही. सीडी खरखरली, निळा पडदा आला आणि तसाच राहिला. पुढं खुर्चीवर विहार कमिटीचे अध्यक्ष तुळशीरामकाका बसले होते. त्यांनी मान वळवून बाबांकडं पाहिलं. सगळी व्यवस्था बाबांची. बाबा घामाघूम झाले. ते आमच्यापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "शालू, तुह्याजवळ हाय काय काही? लोकं बसून राह्यले."

"हाय बाबा. चीनचा हाय. विहार हाय, भन्ते हाय, अन् भुताची लय फजिती हाय."

"भूत?"

"फजिती हाय म्हणलं ना. लोकं हासतीन."

बाबांनी एकदा पुढच्या खुर्चीकडं पाहिलं, एकदा निळ्या पडद्याकडं. म्हणाले, "लाव."

हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकलेला आहे.

चीनचा पिक्चर आहे, ही बातमी पुढपर्यंत गेली. वस्तीत सगळ्यांत म्हातारी सरुबाई. ती पदर सावरून म्हणाली, "चीन म्हणजे आपल्याच धम्माचा मुलूख व माय." पहिल्याच दृश्यात डोंगरावरचं मंदिर, मोठी घंटा आणि सोनेरी बुद्धमूर्ती. सरुबाईनं हात जोडले. तिचं पाहून सगळ्यांनी जोडले. सबंध अंगण तीनदा "साधू, साधू, साधू" म्हणालं. आणि तेवढ्यात पडद्यावर कपाळाला पिवळे कागद लावलेल्या मढ्यांची रांग आली, पुढं घंटी वाजवणारा झगेवाला गुरू, मागं ही टुणटुण. लोकांचे हात अजून जोडलेलेच होते. सरुबाईनं विचारलं, "हे कोणते भन्ते होय?"

आधी ताई हसली. मग मी. मग हसू पाण्यासारखं पुढं गेलं. चेला शिंकला आणि कागद उडाला तेव्हा बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. भूत हुंगू लागलं तेव्हा ताई मागून ओरडली, "श्वास रोखा!" आणि खरं सांगते, अख्ख्या वस्तीनं श्वास रोखला. त्या वर्षी कोणाच्या घरी धड काही पिकलं नव्हतं, पोरांचे बाप ओसरीत नुसते बसून असायचे, आणि ती सगळी माणसं गाल फुगवून बसली होती. मी बाबांकडं पाहिलं. बाबांचेही गाल फुगलेले. मग भूत गेलं आणि बाबा हसले. भोंगा बंद पडल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या दृश्यात गुरूनं उदबत्त्या पेटवल्या, मंत्र म्हटले, कागद जाळून त्याची राख पाण्यात कालवली. तुळशीरामकाका उठून उभे राहिले. "बंद करा हे!"



"गंडेदोरे, भगत, मांत्रिक सोडून आपले बापआजे या वाटेनं आले. अन् पौर्णिमेच्या दिवशी, विहाराच्या दारात, तुम्ही मांत्रिक नाचवून राह्यले?"

त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. त्यांच्या आजीच्या अंगातलं भूत उतरवायला भगतानं तिला चिंचेच्या फोकांनी झोडपलं होतं आणि ती त्यातच गेली. ही गोष्ट ते दर जयंतीला सांगत आणि सांगताना त्यांचा आवाज कापे. पण ताई उभी राहिली. तिनं उभं राहायला नको होतं, असं आई मरेपर्यंत म्हणत राहिली.

"काका," ताई म्हणाली, "जो भ्याला त्यानं भूत मानलं. आपण तं हासून राह्यलो."

उत्तर नसलं की आपल्याकडं मोठी माणसं बाप शोधतात. काकांनी बाबांकडं पाहिलं. "ही तुमची पोरगी. अन् विहाराची किल्ली तुमच्याजवळ."

बाबांनी टीव्हीची वायर ओढली. मग सगळ्यांसमोर ताईकडं वळून म्हणाले, "तुले कोणं सांगतलं होतं हे लावायले?"

ताई त्यांच्याकडं पाहत राहिली. तिनं नाव घेतलं नाही.

काकांनी हात पुढं केला. बाबांनी शर्ट वर करून करदोड्याची गाठ सोडली. गाठ लवकर सुटेना. मग त्यांनी हिसका देऊन करदोडा तोडला. लोक खिरीच्या पातेल्याकडं पाहत होते. त्या रात्री खीर कोणी नीट खाल्ली नाही, सकाळी ती आंबली आणि म्हशीला घातली.

पुढं काय बोलणी झाली, कोण कोणाच्या घरी चहा प्यायला, मला माहीत नाही. अशा वेळी लहान मुलींना साखर आणायला दुकानात पाठवतात. मला एवढं माहीत आहे की बाबा रोज पहाटे इनशर्ट करून ओसरीत बसत आणि आता त्यांना उघडायला कुठलंच दार नव्हतं. तुळशीरामकाकांच्या बहिणीचा मुलगा पांढरकवड्याजवळ केळापूरकडं राहायचा. पेरणीच्या आधी त्याचं लग्न उरकायचं होतं. लग्नाच्या दिवशी सकाळी विहाराचं दार बाबांनी उघडलं, नव्या करदोड्याला बांधलेल्या जुन्या किल्लीनं. ते उघडताना त्यांची मान ताठ होती. लोक त्यांना "जय भीम" करत होते आणि ते प्रत्येकाला उलट "जय भीम" करत होते, प्रत्येकाला, मोठ्या आवाजात.

ताई पांढऱ्या साडीत मूर्तीसमोर उभी होती. आदल्या दिवशी मी तिला विचारलं होतं, "यवतमाळचं काय?" ती म्हणाली, "बाबा पाहू म्हणले ना." निघायच्या वेळी आई रडत होती, मी रडत होते, बायका रडत होत्या. ताई रडली नाही. जीपजवळ ती डोळे मिटून उभी राहिली. गाल जरासे फुगलेले, गळ्याची शीर वर आलेली. ती काय करते आहे, हे त्या सगळ्या गर्दीत फक्त मला कळलं. मग कोणीतरी तिला दंडाला धरून जीपमध्ये बसवलं. धूळ उडाली. माझ्या तोंडून 'गेलं' निघालं नाही. काय गेलं म्हणून सांगणार होते? गेली होती ती ताईच.

निकाल नंतर लागला. पहिल्या वर्गात पास. बाबांनी पेढे आणले. पेढे! मी माझा पेढा कावळ्यांना टाकला. मला मात्र बाबांनी शिकवलं, अमरावतीला ठेवून शिकवलं, कुठं कमी पडू दिलं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पगार झाला की आजही पहिल्यांदा तो पेढा आठवतो.

किल्ली घेऊन त्या दिवशी नव्या विहारातून निघाले ती मी तडक पांढरकवड्याची गाडी धरली आणि संध्याकाळपर्यंत ताईच्या गावी पोचले. वेचणीचे दिवस होते. पुढची खोली कापसानं अर्ध्या भिंतीपर्यंत भरलेली. घरचं वेचून झालं की ताई दुसऱ्यांच्या शेतात वेचायला जाते, ती नुकतीच परत आली होती. बोंडांच्या टोकांनी तिच्या बोटांची कातडी सोललेली, केसांत कापूस. मी पाणी दिलं. तिनं तोंड धुतलं. मी पाहत होते. तोंड धुतल्यावरही ती तरुण झाली नाही.

भाऊजी वाईट माणूस नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी चहा घेतला आणि ते पारावर निघून गेले.

मी किल्ली काढून तिच्यापुढं ठेवली. तिनं ती ओळखली, हातात घेऊन तोलली.

"बाबा हिले उशाखाली घेऊन झोपे," ती म्हणाली. मग म्हणाली, "भंगारात दे. लोखंड चांगलं हाय." आणि ती कापसाच्या ढिगावर ठेवली. किल्ली जड, हळूहळू आत रुतत गेली. आम्ही कोणीच ती काढली नाही.

"ताई, पिक्चर पाहतं काय?" मी विचारलं. मी मोबाइलमध्ये तो आणला होता. तेव्हा पाहायचो तो हिंदीतला मिळाला नाही, मूळ चिनी भाषेतलाच होता. आम्ही दोघी कापसाच्या ढिगाला टेकून बसलो. पाठीला खाज सुटत होती, सरकीचा वास येत होता. डोंगर आला, घंटा आली, सोनेरी बुद्ध आला. पडद्यावरचा गुरू चिनीत बोलू लागला आणि ताई त्याच्या आधीच हिंदीतून बोलू लागली, त्याच जुन्या खर्जात, शब्दाला शब्द. चेल्याचं वाक्य चेल्याच्या किनऱ्या आवाजात. एकही विसरली नव्हती. इतक्या वर्षांत हे ती कुठं बोलली असेल? वेचणी करताना, एकटीच? मी हसले. ती हसली नाही, फक्त बोलत राहिली.

मग कागद उडाला. भूत टुणटुण आलं, चेल्याच्या तोंडाशी येऊन हुंगू लागलं. सवयीनं मी श्वास रोखला. नेहमीसारखा आधी सोडला. बाजूला पाहिलं तर ताईचे डोळे मिटलेले. तेच गाल, तीच शीर. पडद्यावर भूत गोंधळलं, वळलं, निघून गेलं. दुसरं दृश्य लागलं. चेले जेवायला बसले. ताई तशीच.

"ताई," मी म्हटलं. "ताई, गेलं."

तिनं डोळे उघडले नाहीत. मी तिचा हात धरला, खरखरीत, तापलेला. "गेलं व ताई. गेलं ते."

तेव्हा तिनं श्वास सोडला. लांब, थांबत थांबत, संपतच नव्हता. डोळे उघडून तिनं माझ्याकडं पाहिलं, जशी अंगणात पाहायची तशी.

"लय उशीर केला व," ती म्हणाली.